अवजड डिझेल इंजिनाचा नॉक्स कमी करायचा तर: नव्याने हात घालणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

काळा धूर डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याबद्दल लगेच ओरड होते. नॉक्स, म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइडं, दिसत नाहीत. इंजिनातून बाहेर पडताना नॉक्स बहुतांशी नायट्रिक ऑक्साइडच्या रूपात असतो आणि त्याला रंग नसतो. पुढे हवेत त्याचा नायट्रोजन डायऑक्साइड होतो. तो श्वासनलिकांचा दाह करतो, उन्हात ओझोन तयार व्हायला हातभार लावतो आणि हवेतल्या अमोनियाशी मिळून सूक्ष्म कण बनवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक सरासरीची शिफारस घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमवरून थेट १० वर आणली. ट्रक, बस, जनरेटर, खोदाईची यंत्रं यांची इंजिनं ज्यांच्या हाताखालून जातात, त्यांच्या कामाला म्हणूनच मोल आहे.

वर्कशॉपमध्ये, ताफ्याच्या देखभालीत किंवा टेस्ट बेंचवर नव्याने आलेल्यांसाठी हे लिहितो आहे. एक गोष्ट पक्की धरून ठेवा, बाकीचं तिच्याभोवती आपोआप लागत जातं. नॉक्सचा सगळा मामला तापमानाचा आहे. सिलिंडरमध्ये ज्वाला जितकी कमी तापेल तितका नॉक्स कमी बनतो, आणि बाहेर कॅटॅलिस्ट (एक्झॉस्टच्या वाटेवर बसवलेला, रासायनिक क्रिया घडवणारा भाग) जितका व्यवस्थित तापलेला राहील तितका बनलेला नॉक्स मोडला जातो. आत गार, बाहेर गरम. एकाच इंजिनात ही दोन्ही टोकं सांभाळायची असतात, अडचण सगळी तिथेच आहे.

पायरी १: नॉक्स कुठून येतो ते समजून घ्या

नॉक्स डिझेलमधून येतो, असं नव्या माणसाला हमखास वाटतं. डिझेलमध्ये नायट्रोजन जवळपास नसतोच. नायट्रोजन येतो हवेतून, कारण हवेचा ७८ टक्के भाग तोच आहे. एरवी तो शांत असतो, त्याच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध सहजासहजी तुटत नाही. पण ज्वालेच्या उष्णतेने ऑक्सिजनचे सुटे अणू तयार झाले की ते नायट्रोजनच्या रेणूवर आदळतात आणि नायट्रिक ऑक्साइड बनू लागतो. सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव झेल्दोविच यांनी ही साखळी १९४० च्या दशकात मांडली, आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. साधारण १५०० अंश सेल्सियसच्या पुढे तिचा वेग झपाट्याने वाढतो. डिझेलच्या फवाऱ्याच्या कडेला जिथे इंधन आणि हवा योग्य प्रमाणात भेटतात, तिथे तापमान २००० अंशांच्याही वर जातं. म्हणजे नॉक्स बनायला तिथे रान मोकळं असतं.

तेव्हा तीन गोष्टी लागतात: उष्णता, ऑक्सिजन आणि थोडासा वेळ. नॉक्स कमी करण्याचा सिलिंडरमधला प्रत्येक उपाय या तिघांपैकी कशावर तरी घाव घालतो.

मग पेट्रोल गाडीतला तीन-मार्गी कॅटॅलिस्ट इथे का चालत नाही? कारण डिझेल इंजिनात हवा नेहमी गरजेपेक्षा जास्त असते. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन भरपूर उरतो. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन त्या मोकळ्या ऑक्सिजनशीच जुळतात, नॉक्समधला ऑक्सिजन ओढून घ्यायची त्यांना गरजच पडत नाही. म्हणून बाहेरून अमोनिया आणावा लागतो. त्याकडे पुढे येऊच.

आणखी एक ओढाताण पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवा. ज्वाला गार केली की नॉक्स उतरतो, पण काजळी नीट जळत नाही आणि वाढते. ज्वाला तापवली की काजळी जळते आणि नॉक्स चढतो. एकाच बाजूचा आकडा बघून खूश होऊ नका.

पायरी २: हात लावण्याआधी मोजा

नॉक्स दोन तऱ्हांनी सांगतात. सेन्सर पीपीएम दाखवतो, म्हणजे दहा लाख भागांमागे किती भाग. नियम मात्र ग्रॅम प्रति किलोवॅट-तासात असतात, म्हणजे इंजिनाने केलेल्या कामामागे किती ग्रॅम बाहेर गेले. दोन्हींची गल्लत करू नका. आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, पीपीएमचा आकडा साधासुधा दिसेल, पण त्या वेळी इंजिन काम जवळपास शून्य करत असतं, त्यामुळे कामामागचा हिशेब वाईटच निघतो.

मर्यादा कुठून कुठे आल्या ते बघण्यासारखं आहे. १९९२ च्या युरो १ या युरोपीय नियमात अवजड इंजिनाला किलोवॅट-तासाला ८ ग्रॅम नॉक्सची मुभा होती. युरो ३ मध्ये ५, युरो ४ मध्ये ३.५, युरो ५ मध्ये २, आणि युरो ६ मध्ये स्थिर भाराच्या चाचणी-चक्रावर ०.४० तर बदलत्या भाराच्या चक्रावर ०.४६ ग्रॅम. भारत स्टेज ६ चेही आकडे हेच. अमेरिकेची २०१० ची मर्यादा किलोवॅट-तासात बदलली तर सुमारे ०.२७ ग्रॅम भरते. चाचणीची चक्रं वेगळी असल्याने आकडे एकमेकांशी थेट ताडता येत नाहीत, पण वीस वर्षांत किती मोठी उतरण झाली हे कळायला एवढे पुरेत.

मोजताना नॉक्सबरोबर कॅटॅलिस्टच्या तोंडाशी असलेलं तापमानही नोंदवा. गाडी तिच्या रोजच्या कामावर असताना काही दिवस ही नोंद घ्या आणि मग बघा: दिवसातला किती वेळ तापमान २०० अंशांच्या खाली होतं? किती वेळ २५० च्या वर? लांब पल्ल्याचा ट्रक आणि थांबत-थांबत जाणारी कचरागाडी यांत अगदी एकच इंजिन असलं तरी या नोंदी दोन वेगळ्या इंजिनांच्या वाटतील. पुढचे सगळे निर्णय या कागदावर ठरतात. तो नसताना काम सुरू करू नये, असं माझं ठाम मत आहे.

पायरी ३: इंजिनाची मूळ तब्येत

या पायरीवर फार वेळ लागत नाही, पण ती गाळू नका. एअर फिल्टर तुंबलेला, इंटरकूलरच्या जाळीत धूळ-चिखल बसलेला, टर्बोच्या पाइपचा क्लिप सैल, इंजेक्टर थेंब-थेंब गळणारा, कूलंट कमी: यातलं काहीही असेल तर पुढचे उपाय वाया जातात. इंटरकूलर तर नॉक्सचाच भाग आहे. टर्बोने दाबलेली हवा दीडशे अंशांच्याही पुढे तापलेली असते. ती गार न होता सिलिंडरमध्ये गेली तर ज्वालेची सुरुवातच वरून होते. तेल जळत असेल तर तेही आधी दुरुस्त करा, कारण तेलातला फॉस्फरस आणि झिंक पुढे कॅटॅलिस्टवर बसतात आणि मग हटत नाहीत.

पायरी ४: इंजेक्शनची वेळ

डिझेल थोडं उशिरा फवारलं, तर सिलिंडरमधला सर्वोच्च दाब आणि तापमान खाली येतं. नॉक्स उतरवायचा हा सगळ्यांत जुना आणि बिनखर्चाचा उपाय. किंमत इंधनात मोजावी लागते. उशीर वाढला की डिझेल जास्त लागतं, काजळी वाढते. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल पुरवणाऱ्या यंत्रणेत, २००० बारच्या आसपास किंवा त्याहून अधिक दाब मिळू लागल्यावर हे दुखणं थोडं हलकं झालं. फवारा बारीक होतो, मुख्य फवाऱ्याआधी छोटा पायलट फवारा देता येतो, आणि उशीर करूनही काजळी आवाक्यात राहते.

हा मोह किती मोठा आहे ते १९९८ साली अमेरिकेत दिसलं. सात अवजड इंजिन उत्पादकांवर सरकारने कारवाई केली. त्यांच्या इंजिनांचे कॉम्प्युटर चाचणीच्या चक्रात नॉक्स आवरून धरत आणि महामार्गावर सलग वेगात डिझेल लवकर फवारून इंधन वाचवत. कागदावर इंजिन स्वच्छ, रस्त्यावर नॉक्स कितीतरी जास्त. म्हणून कुणी 'मॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली इंजेक्शनची आखणी) बदलून अॅव्हरेज वाढवून देतो' म्हणालं, की वाचलेल्या डिझेलच्या बदल्यात काय बाहेर पडणार आहे हे तुम्हाला कळलं पाहिजे. कंपनीने मंजूर केलेला मॅप सोडून दुसरा टाकू नका.

पायरी ५: ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत आत

ईजीआरमध्ये एक्झॉस्टचा काही भाग कूलरमधून गार करून पुन्हा आत घेतात. त्यात ऑक्सिजन कमी असतो, आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ उष्णता शोषून घेतात. दोन्हींमुळे ज्वाला थंडावते. अवजड इंजिनात भाराप्रमाणे साधारण पंचवीस टक्क्यांपर्यंत वायू असा फिरवला जातो. वायू परत आत ढकलायचा तर एक्झॉस्टचा दाब आत येणाऱ्या हवेच्या दाबापेक्षा जास्त हवा, त्यासाठी बहुधा पाती हलवता येणारा टर्बो असतो.

इथलं दुखणं काजळीचं. व्हॉल्व्हवर चिकट काळा थर जमतो आणि तो अर्धवट उघडा अडकतो. उघडा अडकला तर धूर वाढतो, बंद अडकला तर नॉक्स. कूलर तुंबला की परत येणारा वायू गरमच राहतो आणि फायदा घटतो. कूलंट कारण न सापडता कमी होत असेल आणि एक्झॉस्टमधून पांढरी वाफ येत असेल, तर ईजीआर कूलरवर आधी संशय घ्या. आतून फुटलेला कूलर पुढे सगळ्या कॅटॅलिस्टमध्ये कूलंट सोडतो.

युरो ६ ची काही इंजिनं ईजीआरशिवायच चालतात. ती सिलिंडरमध्ये नॉक्स बनू देतात, इंधन वाचवतात आणि सगळा भार पुढच्या एससीआरवर, म्हणजे अमोनियाने नॉक्स मोडणाऱ्या कॅटॅलिस्टवर टाकतात. चुकीचं असं यात काही नाही, फक्त मग एससीआरला चूक करायला जागा उरत नाही.

पायरी ६: एससीआर, खरं काम इथे होतं

एससीआर म्हणजे अमोनियाच्या मदतीने नॉक्सचं पुन्हा नायट्रोजन आणि पाणी करणं. गाडीत अमोनियाची टाकी घेऊन फिरणं धोक्याचं, म्हणून युरियाचं पाण्यातलं द्रावण नेतात. डीईएफ, ॲडब्लू, किंवा वर्कशॉपच्या बोलीत नुसता 'युरिया', सगळं एकच. त्यात युरिया ३२.५ टक्के असतो. हे प्रमाण मुद्दाम निवडलेलं आहे, कारण याच प्रमाणाला द्रावण सर्वांत कमी तापमानाला, उणे ११ अंशांना गोठतं.

रांग अशी असते. इंजिनातून आलेला वायू आधी ऑक्सिडेशन कॅटॅलिस्टमधून जातो, मग काजळीच्या फिल्टरमधून, मग डीईएफचा फवारा, मिसळण्यासाठी पात्यांचा मिक्सर, मग एससीआर कॅटॅलिस्ट आणि शेवटी उरलासुरला अमोनिया जाळणारा छोटा कॅटॅलिस्ट. पहिला कॅटॅलिस्ट फक्त धूर साफ करायला आहे असं समजू नका. तो नायट्रिक ऑक्साइडचा काही भाग नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये बदलतो, आणि दोन्ही निम्मे-निम्मे असले की एससीआरमधली क्रिया सर्वांत जलद होते. थंड एक्झॉस्टमध्ये हा फरक चांगलाच जाणवतो. पहिला कॅटॅलिस्ट मेला की दोष एससीआरचा वाटतो, असं बरेचदा होतं.

आता एक हिशेब करू, कारण तो एकदा हाताने केला की यंत्रणा डोक्यात बसते. नॉक्स मोजताना तो नायट्रोजन डायऑक्साइड धरून मोजतात, त्याचा रेणुभार ४६. ४६ ग्रॅम नॉक्स मोडायला १७ ग्रॅम अमोनिया लागतो. ६० ग्रॅम युरियातून ३४ ग्रॅम अमोनिया मिळतो, म्हणजे आपल्याला ३० ग्रॅम युरिया हवा. द्रावणात युरिया ३२.५ टक्के, तेव्हा द्रावण झालं सुमारे ९२ ग्रॅम. ४६ ला ९२. एक ग्रॅम नॉक्सला दोन ग्रॅम डीईएफ, इतकं साधं.

समजा इंजिन किलोवॅट-तासाला ६ ग्रॅम नॉक्स सोडतं आणि तो ०.४ वर आणायचा आहे. ५.६ ग्रॅम मोडायचा, म्हणजे ११.२ ग्रॅम डीईएफ. तेवढ्याच कामाला डिझेल लागतं सुमारे २०० ग्रॅम. डीईएफची घनता १.०९ आणि डिझेलची साधारण ०.८४ धरून लिटरमध्ये बदललं, तर १०० लिटर डिझेलमागे ४.३ लिटर डीईएफ. आता याच इंजिनाच्या नोंदवहीत १०० लिटरमागे २ लिटरच डीईएफ भरल्याचं दिसलं तर? एक तर डोसिंग, म्हणजे डीईएफ फवारणं, अर्धं होतंय, नाहीतर गाडी बराच वेळ इतक्या थंड एक्झॉस्टवर चालतेय की डोसिंग सुरूच होत नाही. स्कॅनर न लावता, नुसत्या भरण्याच्या पावत्यांवरून हे कळतं. ताफा सांभाळणाऱ्याने हा आकडा दर महिन्याला काढावा.

कॅटॅलिस्टचे प्रकार थोडक्यात. व्हॅनेडियमचा कॅटॅलिस्ट गंधकाला दाद देत नाही, पण साडेपाचशे अंशांच्या पुढे सतत तापला की खराब होत जातो, त्यामुळे फिल्टरमधली काजळी जाळून तो साफ करताना जपावं लागतं. तांब्याचा झिओलाइट (झिओलाइट म्हणजे सच्छिद्र खनिज) २०० अंशांच्या आसपासही चांगलं काम करतो आणि उष्णता सोसतो, पण डिझेलमधल्या गंधकाने सुस्तावतो. मग त्याला मुद्दाम पाचशेच्या वर तापवून जागं करावं लागतं. लोखंडाचा झिओलाइट जास्त तापमानाला उत्तम. आपल्या गाडीत कोणता आहे ते माहीत नसताना त्याच्याबद्दल मत बनवू नका.

पायरी ७: बाहेरची ऊब टिकवा

फवारलेल्या युरियाचा अमोनिया व्हायला उष्णता लागते. साधारण १८० ते २०० अंशांखाली ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) डोसिंग सुरूच करत नाही, आणि ते बरोबरच आहे. थंड पाइपवर युरिया पडला तर अमोनिया होण्याऐवजी बाययुरेट, सायन्युरिक आम्ल अशा घट्ट पांढऱ्या पदार्थांचे लेप बसतात. मी पहिल्यांदा असा मिक्सर उघडला तेव्हा पाइपचं जवळजवळ अर्धं तोंड पांढऱ्या, खडूसारख्या थराने भरलेलं होतं. वरून ठिसूळ, खाली दगडासारखा. ती बस दिवसभर थांब्यांवर इंजिन चालू ठेवून उभी राहायची. आयडलवर एक्झॉस्ट शंभर-दीडशे अंशांच्या घरात असतो, म्हणजे ती दिवसातला मोठा भाग एससीआर बंद ठेवूनच चालत होती. लेप जमला होता तो डोसिंग जेमतेम सुरू होतं अशा काठावरच्या तापमानात.

म्हणून चालकाला सांगायची पहिली गोष्ट: विनाकारण आयडल नको. थांबा लांबला तर इंजिन बंद. हा उपाय फुकट आहे आणि त्याचा परिणाम महागड्या दुरुस्तीपेक्षा जास्त दिसतो.

यंत्रणेच्या बाजूने ऊब टिकवायचे मार्ग म्हणजे हवेचा थ्रॉटल आवळणं, उशिराचा फवारा, काही सिलिंडर बंद ठेवणं, विजेचा हीटर, आणि इंजिनाला अगदी चिकटून दुसरा छोटा एससीआर बसवणं. नव्या इंजिनांत यातले दोन-तीन एकत्र असतात. तुमच्या हातात मात्र एक साधी गोष्ट आहे: एक्झॉस्ट पाइपवरचं उष्णतारोधक वेष्टण. दुरुस्तीच्या वेळी ते काढतात आणि परत बसवायला विसरतात. ते जागेवर बसवा.

पायरी ८: डीईएफची शुद्धता

डीईएफ पाण्यासारखा दिसतो, म्हणून त्याला पाण्यासारखं वागवलं जातं, आणि इथेच यंत्रणा मरतात. आयएसओ २२२४१ हे त्याचं मानक. नळाचं पाणी घालून तो कधीही वाढवू नका. त्यातलं कॅल्शियम आणि इतर क्षार नोझल तुंबवतात आणि कॅटॅलिस्टवर कायमचे बसतात. शेतीच्या युरियाची गोणी पाण्यात विरघळवून डीईएफ होत नाही.

रिफ्रॅक्टोमीटर जवळ बाळगा. काचेवर दोन थेंब टाका, झाकण मिटा, उजेडाकडे धरून बघा. निळ्या आणि पांढऱ्या भागांतली रेघ ३२.५ च्या आसपास हवी. मानकाप्रमाणे ३१.८ ते ३३.२ चालतं. लक्षात घ्या, हे उपकरण युरियाचं प्रमाण सांगतं, शुद्धता सांगत नाही. शेतीच्या युरियाचं द्रावणही बरोबर रेघ दाखवू शकतं.

साठवण सावलीत करा. २५ अंशांपर्यंत ठेवला तर दीड वर्ष टिकतो, ३५ अंशांना सहा महिने. टाकी, नरसाळं, पंप हे स्टेनलेस स्टील किंवा योग्य प्लास्टिकचेच हवेत. तांबं, पितळ, जस्त चढवलेला पत्रा यांना तो खातो आणि तो धातू द्रावणात उतरतो. डिझेलचं नरसाळं डीईएफला कदापि वापरू नका. डीईएफच्या टाकीत थोडंसं डिझेल गेलं तरी आतली रबरी सीलं फुगतात. चुकून डिझेलच्या टाकीत डीईएफ ओतला गेला, तर चावी फिरवू नका. इंजिन चालू केलं नाही तर टाकी रिकामी करून, धुऊन भागतं. चालू केलं तर पंप आणि इंजेक्टरपर्यंत नुकसान पोचतं.

आणि इंजिन बंद केल्यावर बॅटरीचा मुख्य स्विच लगेच काढू नका. पंप नळ्यांमधला डीईएफ टाकीत परत ओढत असतो, तो आवाज थांबेपर्यंत वाट बघा. अर्धवट राहिलेला डीईएफ नळीत वाळून स्फटिक होतो.

पायरी ९: दिवा लागला, आता दोष शोधा

'एससीआरची कार्यक्षमता कमी' असा कोड आला की बहुतेक जण थेट नॉक्स सेन्सर किंवा कॅटॅलिस्ट बदलायला धावतात. हे दोन्ही सर्वांत महाग भाग आहेत, त्यांच्याकडे शेवटी जायचं.

आधी डीईएफची पातळी आणि रिफ्रॅक्टोमीटरची रेघ. मग कॅटॅलिस्टच्या अलीकडे एक्झॉस्टची गळती: जोडांवर काजळीचे काळे फराटे दिसतात का ते बघा. मग नोझल काढून तोंड बघा. पांढरे स्फटिक असतील तर कोमट शुद्ध पाण्याने धुवा, तारेने खरवडू नका. त्यानंतर डोसिंग चाचणी. नोझल मोजपात्रावर धरून स्कॅनरवरून ठरावीक वेळ फवारा सोडायचा आणि जमलेलं द्रावण मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडायचं. फवाऱ्याकडेही बघा, तो बारीक धुक्यासारखा हवा. एका बाजूला जाड धार पडत असेल तर मोजमाप बरोबर आलं तरी नोझल निकामी समजा.

मग इंजिन भाराखाली तापवून दोन्ही नॉक्स सेन्सरचे आकडे घ्या. आधीचा ८०० पीपीएम आणि नंतरचा ६० असेल, तर साडेबाण्णव टक्के नॉक्स मोडला. थंड इंजिनावर सेन्सर काहीच दाखवत नसेल तर घाबरू नका. त्याची सिरॅमिक पट्टी खूप तापवावी लागते आणि पाइपमध्ये पाण्याचे थेंब असताना तापवली तर तडकते, म्हणून पाइप कोरडा होईपर्यंत ती बंदच ठेवतात.

आता या लेखातली सगळ्यांत उपयोगी गोष्ट. नॉक्स सेन्सरला अमोनिया आणि नॉक्स यांतला फरक कळत नाही. कॅटॅलिस्टनंतर अमोनिया निसटत असेल तर सेन्सर तो नॉक्स म्हणूनच दाखवतो. म्हणजे 'नॉक्स जास्त' या एकाच लक्षणामागे दोन उलटी कारणं असू शकतात: डीईएफ कमी पडतोय, किंवा जास्त पडतोय.

मी शिकत होतो तिथे एक ट्रक याच कोडसाठी आला. मी मागचा सेन्सर बदलला. दोन दिवसांत दिवा पुन्हा लागला. मी डोस कमी पडतोय असं धरून चाललो होतो. आमचे वरिष्ठ फिटर आले, गाडी डायनॅमोमीटरवर (उभ्या जागी चाकांवर भार देणाऱ्या यंत्रावर) चढवली, भार स्थिर केला आणि म्हणाले, "आता डोस बंद कर आणि मागच्या आकड्यावरून नजर हलवू नकोस." माझ्या हिशेबाने आकडा चढायला हवा होता. तो उतरला. १८० वरून हळूहळू ९० च्या घरात आला, तिथे थोडा रेंगाळला आणि मग चढू लागला. उतरला तो निसटणारा अमोनिया, आणि मधल्या वेळात कॅटॅलिस्टमध्ये साठलेला अमोनिया काम करत होता. तो संपल्यावर खरा नॉक्स वर आला. कॅटॅलिस्ट चांगला होता, सेन्सरही चांगला होता. नोझल पूर्ण मिटत नव्हतं आणि जास्तीचा डीईएफ गळत होता. तेव्हापासून कॅटॅलिस्ट बदलायचा निर्णय मी या चाचणीशिवाय घेत नाही. तुम्हीही घेऊ नका.

ही चाचणी हवेशीर जागी, एक्झॉस्ट बाहेर सोडून करा. अमोनियाचा वास नाकाला झोंबतो, पण नॉक्सचा अंदाज वासावरून येत नाही.

एक विनंती इथेच. एससीआर चालू असल्याचा खोटा सिग्नल देणारा छोटा डबा बाजारात मिळतो, तो लावला की दिवा विझतो. ज्या इंजिनात ईजीआर नाही, तिथे अशा डब्यामुळे युरो ६ ची गाडी जुन्या युरो १ च्या आसपासचा नॉक्स सोडू शकते, आणि ती हवा सर्वांत आधी चालकाच्या आणि तुमच्याच छातीत जाते. असं काम कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा. ते बेकायदाही आहे.

पायरी १०: एससीआर नसलेलं जुनं इंजिन

जुन्या इंजिनावर एससीआर बाहेरून बसवता येतो, पण दुसऱ्या पायरीतला तापमानाचा कागद आधी काढा. दिवसातला बराच वेळ एक्झॉस्ट २५० अंशांच्या वर जात नसेल तर बसवलेला संच लेपाने तुंबेल आणि पैसा पाण्यात जाईल. अशा इंजिनाला इंजेक्टर, इंटरकूलर आणि इंजेक्शनची वेळ मूळ मापावर आणणं आणि आयडल कमी करणं एवढंच हाती असतं. तापमान पुरत असेल तर डिझेल कमी गंधकाचं, १० पीपीएमच्या घरातलं, सतत मिळेल याची खात्री करा. जाडसर वेष्टण घाला, नोझल मिक्सरपासून मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंतरावरच ठेवा, आणि बसवल्याच्या दिवशी पाच आकडे गाडीच्या वहीत लिहा: कॅटॅलिस्टआधीचा नॉक्स, नंतरचा नॉक्स, तोंडाशी तापमान, मोजपात्रात जमलेला डोस आणि रिफ्रॅक्टोमीटरची रेघ. सहा महिन्यांनी गाडी परत आली की तेच पाच आकडे त्याच भाराला पुन्हा घ्या. कोणता सरकला ते बघा आणि काम तिथून सुरू करा.